आल्टेनरोडचा दाखला

रविवारी दुपारी एक वाजता जर्मन बाई जेवायला येणार हे ठरल्यापासून सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये एक निशिकांतराव सोडले तर सगळे हवेत होते. सून सुलेखाने सकाळी सातलाच चक्का पुरणयंत्रातून काढायला घेतला. मुलगा मुकुलने शेजारच्या मलय कुटुंबाकडून दोन खुर्च्या मागून आणल्या आणि त्या आपल्या खुर्च्यांहून बऱ्या दिसतात म्हणून पुढे मांडल्या. अवनीने आपला सेलो पुसून कोपऱ्यात असा ठेवला, की दार उघडताच नजरेस पडावा. निशिकांतराव मात्र एका गालाची दाढी करून आरशासमोर उभे होते आणि दुसरा गाल करावा की सरळ आजारी पडावं, याचा विचार करत होते.

त्र्याहत्तराव्या वर्षी आजारी पडायला खरं तर फारसं काही लागत नाही. पण गेले नऊ दिवस त्यांचा हाच बेत चालला होता आणि नऊ दिवसांत त्यांना साधी शिंकही आली नव्हती.

नातीने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, पण बिचारीचा त्यात दोष नव्हता. अवनी सतरा वर्षांची. पुढच्या शिक्षणासाठी तिने जर्मनीतल्या आल्टेनरोडच्या संगीत विद्यालयात अर्ज केला होता, कारण तिचे पणजोबा, म्हणजे निशिकांतरावांचे वडील त्र्यंबक बिवलकर, तिथे शिकले होते. सारं घर त्यांना तात्या म्हणे. पुरावा देवघराशेजारी भिंतीवर होता: काचेच्या चौकटीतला पिवळा कागद, माथ्यावर विद्यालयाचा शिक्का, तळाशी झोकदार सही आणि मधे जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरातल्या अठरा ओळी. घरात त्याला दाखला म्हणत. साताऱ्याच्या घरातून तो निशिकांतरावांच्या पेटीत बसून सिंगापूरला आला होता. दर खंडेनवमीला तात्यांच्या पकडी-कानशींबरोबर दाखल्यालाही हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत. इथे झेंडू लिटल इंडियातून आणावा लागे, एवढाच फरक. पूजा सगळ्यांनी केली, वाचला कुणीच नाही. देवाला कोणी वाचायला जात नाही.

विद्यालयाला यंदा सव्वाशे वर्षं होत होती. इतिहासाचं पुस्तक काढायचं होतं आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी काही कागद असतील तर कळवा, असं त्यांनी जाहीर केलं होतं. अवनीने कुणाला न विचारता दाखल्याचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, की कागद फार मोलाचा आहे. आमच्या ग्रंथपाल डॉ. फोग्ट विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाबरोबर सिंगापूरला येतच आहेत, त्यांना मूळ प्रत पाहता येईल का? आणि खाली एक ओळ होती: या कागदाविषयी कुटुंबाला काही सांगायचं आहे, ते समोरासमोर सांगितलेलं बरं.

त्या शेवटच्या ओळीने घर मोहरून गेलं. सत्कारच असणार, मुकुल म्हणाला.  दाखल्यात काय आहे हे मात्र या घरात फक्त निशिकांतरावांनाच माहीत होतं, आणि तेही छप्पन्न वर्षांपासून. हा गृहस्थ साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होता, आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये असं पोरांना बजावत होता.

साडेदहाला साधना आली. निशिकांतरावांची ही धाकटी बहीण सिंगापुरातच हौगांगला लेकीकडे राहायला होती. उन्हातान्हाची बसने आली ती इरकली नेसून, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. चप्पल काढायच्या आधीच तिने सूचना द्यायला सुरुवात केली. दाखला भिंतीवर नको, टेबलावर मधोमध हवा. बाईंना आधी पाणी, मग दाखला, मग जेवण. मुकुलचं म्हणणं पडलं की आधी जेवण, कारण सुलेखाची कोथिंबीरवडी गार झाली तर तिचा मूड जातो. आत्या-भाच्यांचं यावर थोडं वाजलं, मग दोघांची एकी झाली आणि दोघांनी मिळून चौकट भिंतीवरून उतरवली. साधना पदराने काच पुसू लागली.

"माझं लग्न या कागदावर जमलं बरं का," ती अवनीला सांगत होती. "माझे सासरे म्हणाले, पत्रिका राहू दे, ज्या घरचा बाप जर्मनीत गाणं शिकून आला त्या घरची मुलगी डोळे मिटून करून घ्यावी."

हे ऐकून बाथरूमचं दार उघडलं. निशिकांतराव तसेच बाहेर आले, एक गाल साफ आणि दुसऱ्यावर साबण.

"सगळे जरा बसा," ते म्हणाले. "सुलेखा, गॅस बंद कर आणि तूही ये."

त्यांच्या आवाजात मुख्याध्यापक होते, म्हणून सगळे बसले.

त्यांनी फार पाल्हाळ लावलं नाही. तात्या आल्टेनरोडच्या विद्यालयात साडेतीन वर्षं होते हे खरं, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. पुढचं सगळं निशिकांतरावांना नंतर आईकडून कळलं होतं. मुंबईच्या एका वाद्यांच्या व्यापाऱ्याने तात्यांना पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, बनवायला शिकून ये म्हणून जर्मनीला धाडलं आणि वर्षभरात स्वतःच दिवाळं काढलं. परतीचं तिकीट गेलं. तात्यांनी मिळेल ती नोकरी धरली. विद्यालयातल्या खोल्याखोल्यांतले पियानो बिघडले, उतरले की ते सुरात लावायचे, हे काम. साधनाच्या हातातला कागद म्हणजे नोकरी सोडताना मालकाने दिलेलं शिफारसपत्र होतं.

"मग शिकून आले असं तात्या कशाला म्हणाले?" मुकुलने विचारलं.

म्हणाले नव्हतेच, ही तर गंमत होती. बत्तीस साली ते परत आले तेव्हा साताऱ्यात गाववाल्यांनी सत्कार ठेवला. अध्यक्षांनी भाषणात ठोकून दिलं, की जर्मनीच्या विद्यालयातून संगीताचं शिक्षण पुरं करून आलेले आपले त्र्यंबकराव. तात्यांना चार माणसांत बोलता येत नसे. ते उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले. झाकली मूठ तिथेच सव्वा लाखाची झाली. पुढे पेटीच्या वर्गाला त्या नावावर मुलं येऊ लागली, आणि मग मूठ उघडायची सोयच राहिली नाही.

"आणि तुला हे कधी कळलं, दादा?" साधनाचा आवाज बारीक झाला होता.

सतराव्या वर्षी, त्यांनी सांगितलं. पुण्याला कॉलेजात होते. सुट्टी संपताना दाखला चौकटीतून काढून गुपचूप बरोबर नेला, वर्गातल्या मुलांना दाखवून मिरवायला. जर्मन शिकवणाऱ्या सरांपुढे ठेवला. सर वाचू लागले. पहिल्या तीन ओळींत काम आणि हुद्दा आला आणि भोवतीची पोरं फिदीफिदी हसली. निशिकांतने कागद सरांच्या हातातून ओढून घेतला आणि त्याच दिवशीची एसटी पकडून सातारा गाठला.

"तात्या जमिनीवर बसून कुणाची तरी पेटी उघडून काम करत होते. मी कागद त्यांच्यापुढे टाकला. म्हटलं, मी हा वाचून घेतला. त्यांनी विचारलं, पूर्ण वाचलास? मी म्हटलं, वाचला तेवढा पुरे झाला." निशिकांतराव थांबले. "मग ते म्हणाले, शिकलो मात्र मी तिथेच, मला कुणी शिकवलं नाही, इतकंच. आणि परत खाली बघून कामाला लागले. त्यानंतर एकवीस वर्षं जगले, पण हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मीच तो कागद परत चौकटीत बसवला."

 साधना रडेल असं सुलेखाला वाटलं होतं, पण ती चिडली होती. खोटं चाललं याचा तिला एवढा राग नव्हता. दादाने हे एकट्याने पोटात ठेवलं, आणि मी सासरी चाळीस वर्षं तात्यांच्या जर्मनीचे गोडवे गात राहिले तेव्हा हा शेजारी बसून मान डोलवत होता, याचा होता. तिने तसं बोलूनही दाखवलं आणि वड्यांचा डबा उगाच उचलून दुसरीकडे ठेवला.

मुकुल एका बँकेत नियमपालनाच्या खात्यात होता. तो लगेच कामाला लागला. आपल्याला माहीत नव्हतं, त्याने मांडणी केली. मला नव्हतं, सुलेखाला नव्हतं, अवनीला नव्हतं. बाई सांगतील तेव्हा आपण आश्चर्य दाखवायचं. बाबांनी काही बोलायचं नाही, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही. साधनाआत्याला हे पटलं. मघाची आत्या-भाच्यांची एकी पुन्हा जुळली. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही आमच्या घराण्याची कलाच आहे, असं निशिकांतरावांच्या मनात आलं, पण या कलेत गुरू आपणच, हे जाणून ते गप्प बसले.

"आणि हिच्या अर्जाचं?" सुलेखाने विचारलं.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष अवनीकडे गेलं. ती सोफ्याच्या हातावर बसून फोन उलटसुलट करत होती. तिच्या अर्जातल्या निबंधाची पहिलीच ओळ अशी होती, की माझे पणजोबा तुमच्या विद्यालयाचे विद्यार्थी होते.

"आजोबा, मी तुम्हाला ड्राफ्ट वाचून दाखवला होता," ती म्हणाली. एरवी ती घरात इंग्रजीत बोलायची. आज अडखळत का होईना, मराठीत बोलत होती. "तुम्ही म्हणालात, छान आहे. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही छान म्हणालात."

 छप्पन्न वर्षांत निशिकांतरावांनी पुष्कळ जणांपुढे मान डोलवली होती, पण ते सगळं तात्यांसाठी होतं अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. या पोरीपुढे मान डोलवली ती कुणासाठी, हे त्यांना सांगता येईना. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून घरात प्रथमच ऐकले जात होते.

"आय विल चेंज इट," अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीवर घसरली. "आजच. नंतर त्यांना कळलं तर वर्स लाह."

मुकुलने हात वर केला. प्रवेशाचा निकाल तोंडावर आहे, आपण होऊन चूक कशाला दाखवायची, थोडं थांबू, बाईंचा अंदाज घेऊ. सुलेखा म्हणाली की थांबायचं काहीच कारण नाही. नवरा-बायकोत जरा ताणलं गेलं. शेवटी सुलेखाच उठली. "बाबा, तुमच्या गालावर साबण वाळलाय. तो आधी धुऊन या," ती म्हणाली आणि गॅस पेटवायला आत गेली. ती कुणाच्या बाजूची आहे हे निशिकांतरावांना कळलं, आणि का कोण जाणे, नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

डॉ. फोग्ट एकाच्या ठोक्याला आल्या. साठीच्या, उंच, पायात जाड पट्ट्यांच्या सँडल्स, हातात छत्री. दारातल्या चपला पाहून त्यांनी कुणी न सांगता सँडल्स काढल्या, तेव्हाच साधनाचं अर्धं मत त्यांच्या बाजूने झालं. उरलेलं अर्धं कोथिंबीरवडीने झालं, कारण बाईंनी सात खाल्ल्या. जेवताना बोलणं हवेचं झालं, एमआरटी मेट्रोचं झालं, अवनीच्या सेलोचं झालं. मुकुल मधूनमधून आश्चर्य दाखवण्याचा सराव केल्यासारखा भुवया उंचावत होता.

हात धुऊन सगळे परत बसले. बाईंनी चष्मा बदलला, चौकट जवळ ओढली आणि अवघडून सुरुवात केली, की तुमच्या कुटुंबात या कागदाविषयी काय समजूत आहे हे मला अवनीच्या पत्रावरून कळलं, आणि ती दुखवायची माझी इच्छा नाही.

"ते विद्यार्थी नव्हते," निशिकांतराव इंग्रजीत म्हणाले. "मला फार पूर्वीपासून माहीत आहे. या सगळ्यांना आज सकाळी सांगितलं."

मुकुलच्या भुवया खाली आल्या. अवनीने तेवढ्यात आपल्या अर्जाचंही सांगून टाकलं. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. प्रवेशसमितीत त्या नव्हत्या, त्यामुळे काय होईल ते त्यांना सांगता येत नव्हतं. खरं कळवणं बरं, एवढंच त्या म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. त्या निशिकांतरावांकडे वळल्या. तुम्हाला माहीत आहे म्हणजे पुढचंही तुम्ही वाचलं असेल, त्या म्हणाल्या.

निशिकांतरावांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा बाईंनी काचेवर बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचलं, एकेका वाक्याचं इंग्रजी केलं. साधनाला बाईंचा उच्चार कळेना, म्हणून अवनी मराठी करू लागली. मराठी अडलं की आईकडे बघायची आणि सुलेखा शब्द पुरवायची. पहिल्या तीन ओळी निशिकांतरावांना पाठ होत्या. श्री. त्र्यंबक बिवलकर हे ऑक्टोबर अठ्ठावीसपासून या संस्थेत पियानो सुरात लावणारे मदतनीस होते, त्यांच्याकडे अडतीस वाद्यं होती. चौथ्या ओळीपासून सगळं नवीन होतं. थंडीत न तापवलेल्या खोल्यांतही त्यांनी एकदाही काम चुकवलं नाही. त्यांचा कान असा आहे, की स्वरज्ञानाच्या वर्गाला मी त्यांना मुद्दाम बोलावून घेत असे. जो बारीक फरक मला शब्दांनी सांगता येत नसे, तो ते विद्यार्थ्यांना दोन तारा छेडून ऐकवत. मी स्वतः त्यांच्याकडून काही ऐकायला शिकलो. त्यांना प्रवेशपरीक्षेला बसू द्यावं अशी विनंती मी संचालकांना दोनदा केली. दोन्ही वेळा ती नाकारली गेली. या संस्थेचा शिक्षक म्हणून मला याची लाज वाटते.

सही होती प्रोफेसर लेनार्ट यांची.

डॉ. फोग्ट म्हणाल्या, की या सहीसाठी मी आले. लेनार्ट ज्यू होते. तेहतीस साली त्यांना काढून टाकलं. एकोणचाळीसला विद्यालयाची पन्नाशी झाली, तिच्या पुस्तकातून त्यांचं नाव गाळलं. पंचाहत्तरीचं पुस्तक लिहिणाऱ्यांनी पन्नाशीचं पुस्तक समोर ठेवलं, शंभरीवाल्यांनी पंचाहत्तरीचं. मुद्दाम खोटं पहिल्यांनीच लिहिलं. पुढच्यांनी फक्त उतरवून घेतलं. मी स्वतः शंभरीच्या पुस्तकावर काम केलंय, त्या म्हणाल्या, आणि मला काही खटकलं नव्हतं. लेनार्ट तिथे शिकवत होते हे सांगणारा, त्यांच्या हातचा, विद्यालयाला ठाऊक असलेला हा एकच कागद.

त्या हे निशिकांतरावांना सांगत होत्या, पण निशिकांतराव साताऱ्याच्या घरात होते. उघड्या पेटीवरून वर पाहणारे तात्या त्यांना दिसत होते. तात्यांना जर्मन येत होतं. अठराही ओळींत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. पोराने पुढचं विचारावं, एवढीच ते वाट पाहत होते, आणि सतरा वर्षांच्या पोराने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. नंतरची एकवीस वर्षं रोज विचारता आलं असतं. हे सगळं एकदम अंगावर आलं आणि निशिकांतराव पाहुणीसमोर, सुनेसमोर, नातीसमोर रडले. साधनाने सकाळपासूनचा राग बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी चष्मा काढून उगाच पुसत बसायचं काम केलं.

जाताना बाईंनी कागदाचे नीट फोटो घेतले. मूळ प्रत तुमच्याकडेच राहू दे म्हणाल्या, आणि साधनाने वड्यांचा उरलेला डबा त्यांना बांधून दिला. मुकुल त्यांना टॅक्सीपर्यंत सोडून आला तेव्हा अवनी फोनवर निबंधाची पहिली ओळ नव्याने लिहीत होती. तिने वाचून दाखवलं: माझे पणजोबा तुमच्या विद्यालयातले पियानो सुरात लावत, आणि त्यांना प्रवेशपरीक्षेला बसू दिलं नव्हतं.

"तुमचे प्रोफेसर त्यांच्याकडून शिकले, तेही टाक की," मुकुल म्हणाला. "ते खरं आहे. फायदा होईल."

"पहिल्या ओळीत तेच टाकलं तर मी परत सेम थिंग करतेय, बाबा," अवनी म्हणाली आणि तेवढ्यावर तिने ते पाठवून दिलं. 

आतल्या खोलीत साधना पुण्याला आपल्या मुलाशी, अभयशी बोलत होती. तिचा आवाज बाहेर येत होता. अरे, विद्यार्थी कसले, तिथल्या प्रोफेसरांना तात्यांनी शिकवलं. स्वतः लिहून दिलंय त्यांनी. सगळं विद्यालय तात्यांच्या वर्गात बसायचं म्हणे. बाई लिफ्टमधून खाली उतरून दहा मिनिटं झाली नव्हती, आणि तात्या पियानोवाल्यापासून थेट गुरुजी झाले होते. निशिकांतरावांना क्षणभर हसू आलं. अजून दोन दिवस गेले तर विद्यालय तात्यांनीच काढलेलं निघालं असतं.

ते उठले. आत जाऊन त्यांनी बहिणीपुढे हात केला. साधनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन दिला.

"अभय, मामा बोलतोय. आई सांगते तसं नाही."

पलीकडून अभयने विचारलं, की मग नक्की काय करायचे ते तिथे?

"पियानो सुरात लावायला होते," निशिकांतराव म्हणाले. "नोकरीला. एका भल्या माणसाला त्यांच्या कानाची कदर होती. आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्यांच्या कामाची लाज वाटायची. कुणी विचारलं तर हेही सांगत जा."

 साधना पलंगावर बसून राहिली. तिने फोन परत मागितला नाही.